लढाईत रडारमुळे खरंच फरक पडतो का, की शेवटी पायलटच जिंकून देतो?

"पायलटच जिंकून देतो" हे मी आमच्या घरात इतकं ऐकलंय की प्रश्न दिसल्यावर गप्प बसवेना.

१९४० मध्ये ब्रिटनकडे पायलट मोजकेच होते. रडार नसतं तर शत्रू कधी येईल म्हणून दिवसभर विमानं वर फिरवत ठेवावी लागली असती, पेट्रोल गेलं असतं आणि पोरं दमली असती ती वेगळीच. चेन होम म्हणजे ब्रिटनच्या किनाऱ्यावरची रडारची रांग, तिच्या टॉवरांना जर्मन विमानं फ्रान्सवर जमतानाच दिसायची, म्हणून स्पिटफायर, हरिकेन ही ब्रिटिश लढाऊ विमानं वेळेवर उडायची. जर्मनांचं फ्रेया रडार काही कमी नव्हतं, पण टिपका बघणारा, फोनवर कळवणारा, नकाशावर मांडणारा आणि पायलटला दिशा देणारा अशी माणसांची साखळी ब्रिटिशांनी जशी बांधली होती तशी त्यांच्याकडे तेव्हा नव्हती. पर्ल हार्बरला तर ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी सातच्या सुमारास जपानी विमानं रडारवर दिसली होती, ड्युटीवरच्या पोरांनी कळवलंही, वरून उत्तर आलं काळजी करू नका. आठ वाजायच्या आत बॉम्ब पडायला लागले.

माझे बाबा डिचोलीचे, ७१ ला एअरफोर्समध्ये एअरमन, पंजाबात एका रडार युनिटवर. काम प्लॉटिंगचं. पारदर्शक बोर्डाच्या मागे उभं राहायचं, कानाला हेडफोन, ऐकू येईल तो आकडा उलटा लिहायचा म्हणजे समोरच्या कंट्रोलरला सुलटा दिसतो. अजूनही ते उलटे आकडे सुलट्याइतक्याच वेगाने लिहितात. आणि आमच्या आत्येचे यजमान, चवथीला आरती झाली की पंगतीत सगळ्यांसमोर, "तू कुठे लढलास, तू तर खोलीत बसून फळ्यावर आकडे लिहीत होतास." बाबा खाली मान घालून जेवायचे. मला त्याचा आजही राग येतो.

खोलीतल्या कामाला किंमत नसती तर ६५ ला पाकिस्तानी विमानं अमृतसरच्या रडारवर पुन्हा पुन्हा कशाला आली असती? २१ सप्टेंबरला आपली कॅनबेरा विमानं जीव धोक्यात घालून सिंधमध्ये बदीनचं रडार फोडायला कशाला गेली असती? शत्रूला कळतं, घरच्यांना कळत नाही.

आता हेही सांगतो, रडारला सगळं दिसतं असं नाही. पृथ्वी गोल आहे, ५० मीटरवरून येणारं विमान दहा मीटर उंचीच्या अँटेनाला साधारण ४० किलोमीटरवर आल्याशिवाय दिसतच नाही, म्हणजे जेटच्या वेगाला तीन मिनिटंही मिळत नाहीत. म्हणून ७१ ला सीमेवर वायरलेस घेऊन नुसत्या डोळ्यांनी आकाश बघणारी माणसं बसवली होती. शिवाय जॅमिंग आहे, म्हणजे रडारला मुद्दाम गोंधळात टाकणं, १९४३ ला हॅम्बर्गवर ब्रिटिशांनी चकचकीत पट्ट्या टाकून जर्मन रडार आंधळं केलं होतं. आणि आता विमानाच्या नाकातच रडार असतं, त्यामुळे १९४० सालचं गणित जसंच्या तसं आज लावू नका. पायलटची हिंमत लागतेच, ती मी नाकारत नाही.

पण तुमच्या घरात कोणाला एअरफोर्समध्ये जायचं असेल आणि फ्लाइंग ब्रँच नाही मिळाली तर हिरमुसू देऊ नका, फायटर कंट्रोलरचं, म्हणजे रडार बघून पायलटला दिशा देणाऱ्याचं काम बघायला सांगा. २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानी विमानं आली तेव्हा आपल्या पायलटना जमिनीवरून दिशा देणाऱ्या स्क्वाड्रन लीडर मिंटी अगरवाल यांना युद्ध सेवा मेडल मिळालं, खोलीत बसून केलेल्या कामासाठी. ती बातमी मी फॅमिली ग्रुपवर टाकली होती, आत्येच्या यजमानांनी अजून त्यावर काही लिहिलेलं नाही.