अल्टरनेटर बदलण्यापूर्वी दोन टोकांवर व्होल्टेज मोजा

दिंडोरीच्या द्राक्षबागेत फवारणीसाठी वापरत असलेल्या ट्रॅक्टरची नवी बॅटरी दोन दिवसांत उतरते, इंजिन चालू असताना चार्जिंगचा दिवा अंधूक पेटलेला राहतो, हेडलाइट लावल्यावर तो आणखी उजळतो, त्या वेळी बॅटरीवर १२.९ व्होल्ट दिसतात आणि मेकॅनिक अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) बदलायला सांगतो, असे आपण लिहिले आहे. बॅटरी बाहेरून चार्ज करून आणली की सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) जोरात फिरतो, हेही आपण सांगितले आहे, आणि माझ्या मते निदानासाठी हीच सर्वांत उपयोगी माहिती आहे.

इंजिन मध्यम वेगाने चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट असायला हवेत, त्यामुळे १२.९ कमी आहेत, यात शंका नाही. मात्र अल्टरनेटर कमी व्होल्टेज तयार करतो आहे की तयार झालेले व्होल्टेज वाटेत गळते आहे, हे केवळ बॅटरीवर मोजून कळत नाही. त्यासाठी हेडलाइट लावून, इंजिन मिनिटाला सुमारे १५०० फेऱ्यांवर ठेवून, मल्टीमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि लाल पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेच्या नटावर धरा. पिन बॅटरीच्या शिशाच्या खांबालाच टेकवावी, क्लॅम्पला नाही, कारण अनेकदा दोष त्या दोघांच्या मधल्या पांढऱ्या थरातच असतो. मोजताना अल्टरनेटर फिरवणाऱ्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून हात व सैल कपडे दूर ठेवा.

नटावर १४ च्या वर आणि बॅटरीवर १२.९ असे आले, तर अल्टरनेटर व्होल्टेज देतो आहे. आपल्या दिव्याचे वागणेही त्याच दिशेने बोट दाखवते. या दिव्याचे एक टोक चावीतून बॅटरीच्या बाजूला आणि दुसरे अल्टरनेटरला जोडलेले असते. दोन्हीकडे सारखे व्होल्टेज असले की तो विझतो, आणि दीड-दोन व्होल्टचा फरक पडला की मिणमिणतो. हेडलाइटमुळे तारेतून जास्त करंट वाहू लागला की खराब जोडावरचा फरक वाढतो, म्हणून दिवाही उजळतो. आता लाल पिन त्याच नटावर ठेवून काळी पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर धरा. आकडा ०.३ व्होल्टच्या आत असावा. जास्त आल्यास काळी पिन एकेक जोड मागे आणत जा. जुन्या ट्रॅक्टरमध्ये ही तार अनेकदा डॅशबोर्डवरच्या अँपिअर मीटरमधून जाते आणि त्याच्या मागचे नट धक्क्यांनी सैल झालेले असतात. प्रथम तेच पाहावेत. मात्र नट उघडण्यापूर्वी इंजिन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा.

माझ्या निफाडच्या ट्रॅक्टरमध्ये दोष अर्थिंगच्या, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या बाजूला होता आणि तो सापडण्याआधी मी अल्टरनेटर उगाच उघडून घेतला होता. इंजिन आणि चासीला जोडणारी विणलेली पट्टी वरून ठीक दिसत होती. बोल्ट सोडल्यावर लगखाली (पट्टीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) हिरवी भुकटी निघाली. बुरशीविरुद्ध फवारायच्या बोर्डो मिश्रणातले मोरचूद वर्षानुवर्षे तिथे उडत होते. तेव्हा दिवा पेटत नव्हता आणि डिसेंबरच्या थंडीत सेल्फ मात्र रडत फिरत असे, कारण सेल्फचा परतीचा करंटही त्याच पट्टीतून जातो. आपला सेल्फ जोरात फिरतो, म्हणून आपल्याकडे अर्थिंगचा संशय दुय्यम ठरतो; तरीही अल्टरनेटरचे अंग आणि निगेटिव्ह खांब यांमध्ये ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक नाही, एवढे पाहून घ्या.

नटावरच १२.९ आले, तर पट्टा अंगठ्याने दाबून पाहा. तो साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा आणि त्याच्या कडा गुळगुळीत चकाकणाऱ्या नसाव्यात. पट्टा ठीक असेल, तर अल्टरनेटरमधले कार्बन ब्रश, व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर किंवा एसीचे डीसी करणारे डायोड तपासावे लागतील. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनात बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर डायोडवर संशय घ्यावा. असा डायोड रात्री उभ्या ट्रॅक्टरची बॅटरीही रिकामी करू शकतो.

एक गोष्ट आवर्जून सांगतो: चालू इंजिनात बॅटरीची केबल काढून अल्टरनेटर चालतो का ते पाहण्याची जुनी सवय काहींना अजून आहे, ती कोणालाही करू देऊ नका. बॅटरीचा आधार सुटताच व्होल्टेज एकदम उसळते आणि धडधाकट रेग्युलेटर व डायोडही जळू शकतात.

दुरुस्तीनंतर उतरलेली बॅटरी थेट ट्रॅक्टरवर भरू न देता बाहेर संथ चार्ज करून घ्या. ७५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला सात-आठ अँपिअर पुरेत. पूर्ण भरून काही तास विसावल्यावर ती १२.६ च्या आसपास थांबायला हवी. वारंवार उतरल्यामुळे तिच्या प्लेटांवर सल्फेट बसले असेल, तर मात्र ती तिथवर पोहोचणार नाही. तोपर्यंत नटावरचा आणि बॅटरीवरचा, असे दोन्ही आकडे हेडलाइट लावून एकाच वेळी मोजून कळवा.