ऑक्टाव्हिया व्हीआरएस रिमॅप करू का?

प्रश्न: माझ्याकडे २०१७ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० आहे, ट्यूनर म्हणतोय रिमॅप करून, म्हणजे नुसतं इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ३०० बीएचपीच्या जवळ जाईल, करून घेऊ का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: टर्बो इंजिन आहे, त्यामुळे बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बदललं की पॉवर वाढणार हे खरंय. पण मला काळजी गिअरबॉक्सची वाटते, कारण कंपनीचा टॉर्कच (इंजिनचा फिरवणारा जोर) ३५० एनएम आहे आणि तुमच्या ६ स्पीड डीएसजीची (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) मूळ मर्यादाही तेवढ्याच्याच आसपास, मग रिमॅपनंतर जोरात पाय दिला की क्लच घसरू शकतात, आरपीएम वर चढतो पण गाडी तशी ओढत नाही, म्हणजे गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअरही करावं लागतं आणि तो खर्च वेगळा (ट्यूनरला आधीच विचारा). डीएसजी ऑइल, प्लग, कॉइल बघून घ्या, लॉग (चालत्या इंजिनच्या नोंदी) काढून नॉकिंग (इंधन अवेळी पेटणं) तपासा. मॅप (ते नवं सॉफ्टवेअर) ९५ ऑक्टेनचा असेल तर कायम तेच पेट्रोल भरा. इन्शुरन्सवाल्यांना कळवा, नाहीतर क्लेम अडकू शकतो. मी तरी आधी चांगले टायर आणि ब्रेक पॅड टाकेन, कसारा घाटात फरक लगेच कळतो, आणि रिमॅप केलाच तर टॉर्क आवरलेला सौम्य मॅपच घ्या.