मादी अंडी गिळते, काय करावे?

प्रश्न : आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातील सिक्लिड मासे पाळतो. मादी तोंडात अंडी धरते. पाचव्या दिवशी तोंड रिकामे!
– एक वाचक, इंदूर

उत्तर : कोवळी मादी पहिली एक-दोन खेपेची अंडी बहुधा गिळते, तेवढ्याने घाबरू नका. नर मादीच्या मागे लागतो, हे मात्र मोठे कारण. २०० लिटरच्या टाकीत एक नर, चार-पाच माद्या ठेवा. अंडी तोंडात धरल्यापासून बाराव्या दिवसानंतर, दिवे मालवून, मादीला स्पंज फिल्टरच्या ४० लिटरच्या टाकीत हलवा. पाणी मूळ टाकीचेच, २६ अंशांचे. त्याआधी हलवलीत तर गिळण्याचा धोका जास्त. नर्मदेचे नळाचे पाणी क्लोरीन काढूनच घाला. साधारण तीन आठवड्यांत मादीच्या तोंडातून पिले सुटतात. त्यांना आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा सूक्ष्म जीव) ताजी पिले द्या.

जवळच्या नात्यातल्या दोन जाती एकत्र नकोतच. माद्या सारख्याच दिसतात, संकर होतो आणि दुर्मिळ वाण बुडते.