कायद्याचा सल्ला : भरपाईच्या दाव्यात पुनर्वसनाचा खर्च

प्रश्न : माझे यजमान (वय ३८) गवंडीकाम करतात. गेल्या वर्षी मोटारसायकलवरून कामावर जाताना त्यांना ट्रकने धडक दिली आणि त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जिल्हा रुग्णालयातून ६० टक्के अपंगत्वाचा दाखला मिळाला आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात आमचा दावा चालू असून त्यात दवाखान्याचे बिल आणि बुडालेली मजुरी एवढेच मागितले आहे. कृत्रिम पाय आणि फिजिओथेरपी यांचा खर्च या दाव्यातून मिळतो का, की आधी पदरचे पैसे घालून पावत्या जोडाव्या लागतात? विमा कंपनी येत्या लोकअदालतीत तडजोडीला तयार आहे. नातेवाईक म्हणतात, “आत्ता मिळेल ते घ्या, पायाचे पैसे नंतर मागता येतील.” काय करावे?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : नातेवाइकांचा सल्ला आपुलकीचा असला तरी तो मानू नका. दाव्याचा निकाल एकदाच होतो आणि पुढे उपचारांचा खर्च वाढला म्हणून त्याच न्यायाधिकरणाकडे पुन्हा जाता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नागप्पा विरुद्ध गुरुदयाल सिंग या प्रकरणात स्पष्ट केले आहे. लोकअदालतीतील निवाड्यावर तर अपीलही चालत नाही. म्हणून यजमानांना उरलेल्या आयुष्यात जे जे लागणार आहे, ते सगळे आताच मागितले पाहिजे आणि पुराव्यानिशी मांडले पाहिजे. अर्जात कमी रक्कम लिहिली गेली म्हणून हातपाय गाळण्याचे कारण नाही. मागणीपेक्षा अधिक भरपाई देण्याचा न्यायाधिकरणाला अधिकार आहे, हेही याच निकालात म्हटले आहे. तरीही वकिलांना सांगून अर्जात दुरुस्ती करून घ्यावी.

खर्च आधी करावा लागतो, असे नाही. पुढील वैद्यकीय खर्च ही भरपाईत मागता येणारी मान्य बाब आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महंमद साबीर यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाय गमावलेल्या व्यक्तीला आयुष्यात तीन कृत्रिम पाय घेता यावेत आणि वयाच्या सत्तरीपर्यंत त्यांची देखभाल करता यावी, या हिशोबाने रक्कम मंजूर केली. आपला दावा याच मार्गाने न्यावा.

खरी मेहनत पुराव्याची आहे. कृत्रिम पाय बसवणाऱ्या केंद्राकडून नुसते दरपत्रक आणून भागत नाही. तो पाय किती वर्षे टिकतो, कोणता भाग किती दिवसांनी बदलावा लागतो आणि प्रत्येक वेळी अंदाजे किती खर्च येतो, हे त्या केंद्राच्या पत्रात असले पाहिजे. पाय कापल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत उरलेल्या भागाची सूज उतरते, तो बारीक होतो आणि सुरुवातीला मापाने बनवलेले सॉकेट (कृत्रिम पायाची उरलेल्या पायावर बसणारी खोबण) सैल पडून घासू लागते. खालचा कृत्रिम पाय चांगला असूनही सॉकेट नवे करावे लागते. ही गोष्ट दाव्याच्या कागदांत सहसा येतच नाही. घरी येणारे फिजिओथेरपिस्ट रोख पैसे घेऊन जातात आणि मागे काही उरत नाही; त्यांच्याकडून तारीखवार सही-शिक्क्याची पावती आजपासून घ्यावी. हे सगळे सांगण्यासाठी शस्त्रक्रिया करणाऱ्या किंवा पुनर्वसन करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष व्हायला हवी. साक्ष झाली नाही, तर विमा कंपनीचे वकील दाखल्यावरच बोट ठेवतात.

दाखल्याबद्दलही एक सांगायचे आहे. ६० टक्के हा आकडा शरीराचा आहे, कमाईचा नाही. राजकुमार विरुद्ध अजय कुमार (२०११) या निकालात न्यायालयाने दिलेले उदाहरण असे, की डावा हात गेल्यास सुतार किंवा ड्रायव्हर यांची कमाई जवळपास पूर्ण बुडू शकते, तर सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. गवंड्याला परांचीवर चढावे लागते आणि डोक्यावरचे ओझे घेऊन तोल सांभाळावा लागतो. त्यामुळे आपल्या यजमानांचे कमाईचे नुकसान ६० टक्क्यांहून बरेच अधिक आहे, असे मांडता येईल. महिन्याची मजुरी समजा १५,००० रुपये धरली, त्यात भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवले आणि वर्षाच्या रकमेला ३८ वर्षांच्या वयाला लागू असलेल्या १५ या गुणकाने (वयानुसार ठरलेल्या आकड्याने) गुणले, तर ६० टक्क्यांनी २२ लाख ६८ हजार रुपये होतात आणि ९० टक्क्यांनी ३४ लाख २ हजार. मुकादमाची किंवा ठेकेदाराची साक्ष या फरकासाठी लागते.

तडजोडीस नकारच द्या, असे मी म्हणत नाही. पायाचा खर्च आणि कमाईचे नुकसान हिशोबात धरून आकडा येत असेल, तर अवश्य विचार करा. मात्र कसलीही सही करण्यापूर्वी, रक्कम कायद्याच्या कोणत्या कलमाखाली दिली जात आहे, हे विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कोणाची हे न पाहता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. परंतु कलम १४९ मधील (विमा कंपनीशी तडजोड करण्याच्या) प्रक्रियेने ती रक्कम स्वीकारली, की आपला मुख्य दावाच संपतो.

निकाल लागेपर्यंत पुनर्वसन थांबवू नये. मुंबईत हाजी अली येथे भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे आणि अपंगांना साधने मिळवून देणारी केंद्राची ‘एडिप’ योजनाही आहे. वकिलांची फी जड जात असेल, तर यजमान अपंग व्यक्ती असल्यामुळे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागू शकतात.

प्रश्न : माझ्या भावाच्या अपघाताचे बिल मेडिक्लेममधून भरले गेले. आता भरपाईच्या दाव्यातून तेवढी रक्कम वजा होईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये ठरवले आहे. तो पैसा भावाने भरलेल्या हप्त्यांचा मोबदला आहे. अडचण येते ती कागदांची. मूळ बिले मेडिक्लेम कंपनीकडे जमा झालेली असतात, म्हणून रुग्णालयाकडून शिक्का मारलेल्या प्रती आणि कंपनीकडून रक्कम चुकती केल्याचे पत्र आताच मागून ठेवावे.