जेलीफिशचा डंख आणि कातडीची सोनोग्राफी

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला मुलाच्या पोटरीला जेलीफिशने डंख केला. वळ चार दिवसांत उतरले, पण तीन आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा उठले आणि खूप खाजतात. डॉक्टरांनी त्या जागेची सोनोग्राफी सांगितली आहे. त्यातून काय कळणार? पोटाची करतात तिथेच होईल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : कातडीत उरलेल्या विषाविरुद्ध प्रतिकारशक्ती कधीकधी अशी उशिरा जागी होते. डोळ्यांना फक्त रंग दिसतो. आत सूज अजून चालू आहे का आणि किती खोल आहे, ते सोनोग्राफी सांगते. जेलीफिशच्या डंख मारणाऱ्या काटेपेशी मात्र इतक्या सूक्ष्म असतात की त्या तिच्यात दिसत नाहीत.

पोटाचा प्रोब (यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग) साधारण 3 ते 5 मेगाहर्ट्झचा. तो खोलवर पाहतो, पण कातडीचे थर वेगळे दाखवत नाही. इथे लिनिअर (सरळ, सपाट टोकाचा) प्रोब हवा, शक्यतो 15 मेगाहर्ट्झ किंवा जास्त. शहरातल्या सेंटरला जाण्याआधी फोनवर एवढे विचाराच.

त्या दिवशी कॅलामाइन किंवा मलम लावू नका; त्याच्या थराने चित्र गढूळ होते. जेल 2-3 मिलिमीटर जाड, बुडबुडे नसलेले हवे. प्रोब जेलवर नुसता टेकवायचा. बहुतेक तपासण्या इथेच फसतात : हात जड पडला की सूज दबते, बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि डॉपलर, म्हणजे सोनोग्राफीतली रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी, कोरा येतो. डॉपलरची वेगमर्यादाही कमी ठेवावी लागते, नाहीतर तिथला संथ प्रवाह दिसत नाही. फोड फुटला असेल तर निर्जंतुक जेल आणि प्रोबला कव्हर हवेच.

दुसऱ्या पोटरीवरची तीच जागा मोजून घ्यायला सांगा. तुलनेशिवाय जाडीच्या आकड्याला अर्थ नाही. निरोगी कातडीचा मुख्य थर पांढरट पट्ट्यासारखा दिसतो. सुजेत तो जाड आणि काळपट होतो, डॉपलरमध्ये रक्तप्रवाह वाढलेला दिसतो. असे असेल तर डॉक्टर स्टेरॉइड मलम ठरावीक दिवस देतील. खालच्या चरबीत काळ्या फटी दिसल्या तर नुसती सूज की जंतुसंसर्ग, हे चित्रावरून ठरत नाही. ताप, गरमपणा, पसरणारी लाली बघावी लागते.

मेडिकलमधून स्टेरॉइडचे मिश्र मलम स्वतःहून आणून चोळत राहू नका. जोरदार स्टेरॉइड फार दिवस लावले की कातडी पातळ होते.

दोन्ही पोटऱ्यांची जाडी सारखी आली, डॉपलर शांत असला आणि तरी काळा डाग राहिला, तर तो रंगद्रव्याचा. त्याला काही महिने लागतात. सोलापूरच्या उन्हात तो भाग झाकून ठेवा.