अजिंठ्यात फोटो हलतात. स्टॅबिलायझेशनवाला कॅमेरा घेतला तर फरक पडेल का?

अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही, हातात धरून काढलेले फोटो हलतात, आणि हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारं हे स्टॅबिलायझेशन आत नेमकं करतं काय, असं तुम्ही विचारलंय. भिंतीवरच्या चित्रांसाठी फरक पडेल, चांगलाच पडेल.

हात कोणाचाच पूर्ण स्थिर नसतो. उजेड कमी म्हणून शटर जास्त वेळ उघडं राहतं, आणि तेवढ्यात कॅमेरा जरासा कलला तरी सेन्सरवरची, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवरची, प्रतिमा सरकते. ०.१ अंश कलला तर ५० मिमीच्या लेन्सला ती ०.०९ मिमी सरकते, लांबचं जवळ आणणाऱ्या ४०० मिमीच्या लेन्सला ०.७ मिमी! झूम केल्यावर फोटो जास्त हलतात ते यामुळेच.

हे कलणं जायरो नावाची बारीक उपकरणं सतत मोजत असतात. त्या हिशोबाने चुंबक आणि कॉइलच्या जोरावर एकतर लेन्समधलं एक भिंग सरकवून प्रतिमा जागेवर आणली जाते, नाहीतर सेन्सरच प्रतिमेमागे सरकतो. भिंगाची सोय कॅननने १९९५ साली ७५-३०० मिमीच्या लेन्समध्ये दिली, सेन्सर हलवायची मिनोल्टाने २००३ च्या डिमाज ए१ कॅमेऱ्यात. लांब लेन्सला भिंगाची पद्धत बरी, कारण सेन्सरला तेवढं सरकायला जागाच कुठे असते? पण कॅमेरा घड्याळाच्या काट्यासारखा फिरला तर ते फक्त सेन्सरलाच सावरता येतं.

मोबाईलच्या जाहिरातीत नुसतं ‘इलेक्ट्रॉनिक’ लिहिलं असेल तर जपून. ते मुख्यतः व्हिडिओच्या कडा कापून फ्रेम जुळवतं. एका फोटोत आधीच आलेला धूसरपणा त्याने जात नाही.

खोक्यावर ‘४ स्टॉप’ लिहिलेलं असतं. एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येणं. चार स्टॉप म्हणजे जिथे १/६० सेकंद लागायचा तिथे १/४ वर निभावायचं. कंपन्यांचा आकडा आहे, एखादा स्टॉप मनातून वजा करा.

मात्र ही सगळी उठाठेव तुमच्या हातासाठी. समोरचं हललं तर काही उपयोग नाही. हाच कॅमेरा घेऊन पैठणला नाथसागरावर गेलात तर उडत्या पक्ष्याला १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर लागणारच. वरातीत नाचणाऱ्यांचंही तेच.

आणि जुनी सेकंडहँड लेन्स घेतली तर ट्रायपॉडवर लावताना तिचं स्टॅबिलायझेशनचं बटण बंद करा. काही जुन्या लेन्स स्थिर कॅमेऱ्यावरही नसलेलं हलणं सावरायला जातात आणि फोटो त्यांच्यामुळेच हलतो.