फौंड्रीतला आवाज घरात शिरतो तेव्हा

नवरा कामावरून आला की बोलत नाही, काही विचारलं तर खेकसतो, टीव्ही मोठ्यानं लावून बसतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत माणसं कामाला आहेत अशा घरांतून ही तक्रार समुपदेशक म्हणून माझ्याकडं नेहमी येते. सोबत शंकाही असतात: दारू, कर्ज, बाहेरचं काही. कानाची शंका मात्र सहसा कुणाला येत नाही.

ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून एका जोडप्याचं सांगते. नवरा चाळिशीतला, एका फौंड्रीत फेटलिंगला. ओतकामातून आलेल्या कास्टिंगच्या कडा पाळीभर ग्राइंडरनं घासायच्या, हे काम. बायको खुर्चीत बसता बसताच म्हणाली, "मॅडम, भिंतीशी बोलल्यागत झालंय. ह्यांच्या आईनं हाक मारली की लगेच ओ देतात. माझं न् पोरीचं कानावरच घेत नाहीत." त्यातून तिनं अर्थ काढला होता: आईचा शब्द मोठा, आम्ही कोण? गेली दोन-तीन वर्षं घरातली बहुतेक भांडणं याच अर्थावर चालली होती. तो म्हणाला, "ह्या दोघी तोंडातल्या तोंडात बोलतात. आणि वर मलाच बोल."

सासूबाईंचा आवाज कसा आहे, असं मी विचारलं. घोगरा, जाड. मुलीचा अर्थातच बारीक. समोर बसून बोलताना तो मला नीट उत्तरं देत होता, पण मी पाठ करून कपाटातली फाईल काढत "चहा घेणार का?" असं विचारलं, तेव्हा बायकोनं मान हलवली आणि तो पंख्याकडं बघत बसला. पुढं विचारल्यावर कळलं, पाळी सुटली की रात्री उशिरापर्यंत कानात शिट्टी वाजते. तालमीच्या कट्ट्यावर बसणं त्यानं सोडलं होतं, कारण चारजण एकदम बोलले की काही उमगत नाही आणि हसायचं कधी तेही कळत नाही. शाहू स्टेडियमवर मॅचला मात्र जातो. तिथं कोण कुणाचं ऐकतंय!

मोठ्या आवाजानं कान जातो तेव्हा आधी वरच्या पट्टीतलं ऐकणं जातं, साधारण 4000 हर्ट्झच्या आसपास. जाड आवाज पोचत राहतो. बारीक आवाज आणि स, श, फ यांसारखे वर्ण गळतात. आवाज आल्याचं कळतं, शब्द लागत नाही. साहजिकच माणसाला वाटतं, समोरचाच पुटपुटतोय. आतल्या कानातल्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, म्हणून हे औषधानं भरून येत नाही.

मी त्यांना कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात पाठवलं. तपासणीच्या आलेखात दोन्ही कानांना 4000 हर्ट्झपाशी खड्डा निघाला, म्हणजे तिथलं ऐकणं घटलेलं. बायको कागद बघून रडली आणि मग त्याच्यावरच चिडली, "आधी का सांगितलं नाहीस?" त्याला स्वतःला कुठं माहीत होतं? थोडं माहीत होतंही. पण फौंड्रीत 'बहिरा' म्हणून चिडवतील, कामावरून काढतील, ही भीती. ती खोटी आहे असं मी त्याला म्हटलं नाही.

याआधी कुणीतरी त्याला रोज ध्यान करायला सांगितलं होतं. ध्यान वाईट नाही, पण दिवसभर ग्राइंडरपाशी उभं राहणाऱ्याला आधी शांत राहायला शिकवणं मला पटत नाही. आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांसाठी 90 डेसिबल ही मर्यादा आहे. 95 ला ती चार तासांवर येते, 100 ला दोनच तासांवर. जागतिक आरोग्य संघटना तर आठ तासांना 85 च धरते. हाताच्या अंतरावर उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज घातक आहे, एवढं ओळखायला यंत्र लागत नाही. आवाजानं आलेला बहिरेपणा कायद्यातच व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. म्हणजे हे कामगाराचं नाजूकपण नव्हे, हे साहेबाशी बोलताना त्याला ठाऊक असणं गरजेचं होतं.

त्या बोलण्याची आम्ही तालीम केली. मी साहेब झाले. पहिल्या वेळी तो थेट मालकाविषयीच्या तक्रारींवर घसरला. नंतर एकच मागणी ठरली: कानाला प्लग द्या आणि सगळ्या फेटलिंगवाल्यांची तपासणी करा. एकट्यानं न जाता तिघांनी जायचं. पूर्ण कान झाकणारे मफ कपाटात होतेच, पण घामानं चिकटतात आणि क्रेनचा भोंगा ऐकू येणार नाही या धास्तीनं कुणी घालत नव्हतं. कापसाचे बोळे चालायचे, ज्यांचा जवळजवळ उपयोग नसतो. फोमचा प्लगही नुसता टेकवून भागत नाही. स्वच्छ बोटांनी पिळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर ओढून आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत दाबून धरायचा.

घरात सांगितलेलं साधं होतं. आधी नावानं हाक, मग समोर येऊन बोलणं. मिक्सर चालू असताना स्वयंपाकघरातून काही विचारायचं नाही. आल्यावर अर्धा तास टीव्ही बंद. त्याला ही अट सर्वांत जड गेली. मिरवणुकीत डॉल्बीपुढं नाचायचं नाही, याला तर त्यानं अजून होकार दिलेला नाही.

प्लग मिळाले. आवाज करणारा कॉम्प्रेसरही शेडबाहेर हलवू असं साहेब म्हणालेत, हलवलेला नाही. भांडणं होतात, पण 'आईचं ऐकतोस' हा शब्द त्यांतून गेलाय, असं ती सांगते. कानाचं यंत्र घ्यायला तो तयार नाही.

तुमच्या घरी अशी शंका असेल तर तपासणी साप्ताहिक सुट्टीनंतर, पाळीवर जायच्या आधी करून घ्या. गोंगाटातून थेट गेलात तर कान तात्पुरता बधिर असतो आणि खरा आकडा कळत नाही. आणि किती वर्षं कुठल्या मशीनवर होता, ते डॉक्टरांना आपणहून सांगा.